इंजिन सगळ्यात शेवटी

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने मस्टँग लोकांसमोर आणली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत होती २,३६८ डॉलर. लांबलचक बॉनेट, आखूड डिकी, पुढच्या जाळीवर दौडणारा घोडा. बारा महिन्यांत चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. ज्या रूपावर अमेरिका भाळली त्या रूपाखाली मात्र फोर्डचीच फाल्कन होती. भाजी आणायला आणि पोरांना शाळेत सोडायला घेतात तसली ती साधी, काटकसरी गाडी. मस्टँगचं पुष्कळसं सामान तिच्याकडूनच आलेलं. स्वस्तातल्या मॉडेलला सहा सिलिंडरचं, जेमतेम शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून उसळत जाणारी मस्टँग ज्यांच्या मनात घर करून बसली आहे, त्यांना हे ऐकवत नाही. पण ती चित्रपटातली गाडीसुद्धा शोरूममधून आली तशी नव्हती. ती आदळआपट सोसण्यासाठी तिचं सस्पेन्शन आधी बळकट करून घ्यावं लागलं होतं.

शेवरोलेच्या कॉर्व्हेटवाल्यांनी हसायचं कारण नाही. १९५३ साली निघालेल्या पहिल्या तीनशे कॉर्व्हेट सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सहा सिलिंडरच्या, आणि सगळ्यांना दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. स्पोर्ट्स कार म्हणवायचं आणि गिअर दोन! व्ही-एट इंजिन आलं ते १९५५ मध्ये.

हे सगळं पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की जुन्या गाडीचं रूप तसंच ठेवून आतली यंत्रणा आजची बसवायची, ज्याला तिकडे रिस्टोमॉड म्हणतात, त्या कामाबद्दल बोलायला लागलं की कोणीतरी हटकून विचारतो : ‘अहो, पण मग ती ओरिजिनल कुठे राहिली?’ प्रश्न रास्त आहे. पुण्यात तर तो जरा जास्तच रास्त स्वरात विचारला जातो. माझं उत्तर इतकंच, की मस्टँग जन्मतःच दुसऱ्या गाडीच्या सामानातून उभी राहिली होती. तिला नवं सामान घालणं म्हणजे पाप नव्हे. ते वाईट घालणं हे पाप.

शिवाय मूळपणाची गोष्ट आपण पाळायची म्हटली तरी पेट्रोल पंप पाळू देत नाही. साठीच्या दशकातली ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायची. त्या शिशाचा एक पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये बसे आणि धातूवर धातूची झीज वाचवी. भारतात २००० सालापासून पेट्रोलमधून शिसं गेलं, ते गेलं हे आपल्या फुप्फुसांचं भाग्य. पण बिडाच्या हेडमध्येच कापलेल्या जुन्या बैठका उघड्या पडल्या. बराच वेळ जोरात पळवलं की व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातात. मग हेड उतरवून कडक धातूच्या सीट बसवाव्या लागतात. म्हणजे ओरिजिनल इंजिन ओरिजिनल राहावं म्हणूनसुद्धा त्याला नवं सामान घालावंच लागतं. पुढे इथेनॉल आलं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत असतं, आणि त्यातलं काही आपल्याच राज्यातल्या उसाचं. उसाशी माझं भांडण नाही. पण जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतो, चिरतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याने कार्बोरेटरच्या ओतीव धातूवर पांढरी भुकटी चढते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटमधून येणारं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. पॉलिश करून गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला याचं काही नाही. जिला रविवारी सकाळी लवासाकडे न्यायचं आहे, तिच्या मालकाला मात्र इंजेक्शनचं नवं इंजिन खुणावू लागतं ते इथूनच.

आता कामाकडे वळू. या विषयावरची चित्रफीत पाहिली की एकच क्षण लक्षात राहतो : साखळीच्या कप्पीला लटकलेलं नवं इंजिन हळूहळू बॉनेटखाली उतरतंय. ते दृश्य भारी असतं यात वाद नाही. पण सगळ्या कामात सोपं काय असेल, तर तेच. इंजिन तयार मिळतं, त्याला हॉर्सपॉवर किती ते कागदावर लिहिलेलं असतं. अवघड असतं ते त्या इंजिनाच्या मागण्या पुरवणं. श्रीमंताघरची सून चाळीतल्या खोलीत आली की आधी खोलीलाच घाम फुटतो, तसं काहीसं.

मस्टँगचंच घ्या. २०११ च्या मस्टँग जीटीमध्ये फोर्डने पाच लिटरचं नवं व्ही-एट आणलं, कोयोट नावाचं, ४१२ हॉर्सपॉवरचं. जुन्या मस्टँगमध्ये नव्या मस्टँगचंच इंजिन घालावं, घराण्याचं नाव राहील, असं कोणालाही वाटेल. पण जुन्या ४.७ लिटरच्या व्ही-एटमध्ये एकच कॅमशाफ्ट, तोही ब्लॉकच्या पोटात, वर फक्त पुशरॉड. नव्यात चार कॅमशाफ्ट, सगळे हेडवर. त्यामुळे इंजिन वरून भलतंच रुंद. आणि जुन्या मस्टँगच्या बॉनेटखाली दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन मनोरे उभे असतात, ज्यांत पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा बसतात. इंजिन त्यांच्यामध्ये मावत नाही. मग मनोरे कापा. कापले, की पुढच्या चाकांचा भार कोण घेणार? या गाडीला वेगळी चासी नाही; पत्र्याचा सांगाडा हीच चासी. म्हणून नवा क्रॉसमेंबर आणि नवं सस्पेन्शन, बहुधा १९७४ च्या मस्टँग टूच्या धाटणीचं. त्याच्याबरोबर रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, म्हणून नवा स्टिअरिंग कॉलम. इंजिन अजून जमिनीवरच आहे, हे ध्यानात असू द्या.

मागे वळा. सहा सिलिंडरच्या गाडीचा मागचा अॅक्सल नाजूक, चाकांना नट चारच, व्ही-एटला पाच. चारशे हॉर्सपॉवर त्या नाजूक अॅक्सलमध्ये ओतली तर पहिल्या सिग्नललाच दाते हातात येतील. अॅक्सल बदलला, की चाकं बदलली. तेरा इंचांची चाकं आणि क्रॉसप्लाय टायर गेले, मोठी चाकं आणि रेडियल आले, आणि मोठ्या डिस्कला आत जागा झाली. पेट्रोलची गोष्ट तशीच. कार्बोरेटरला पंपाचा दाब लागे पाचसहा पौंड. इंजेक्शनला त्याच्या दसपट. जुनी नळी, जुनी टाकी, इंजिनच्या अंगावरचा जुना पंप, सगळं बाद. साध्या टाकीत विजेचा पंप सोडला तर वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो, गाडी धाडकन बंद. म्हणून टाकीत आडव्या पट्ट्या लागतात. मग रेडिएटर, पंखे, अल्टरनेटर, फ्यूजची पेटी. आणि वायरिंग, ज्यावर या पुस्तकातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात कमी रोमहर्षक प्रकरण आहे. ते वगळून पुढे जाणाऱ्या वाचकाची गाडी पावसाळ्यात कुठे बंद पडेल ते मी सांगू शकतो : जिथे उभं राहायला जागा नाही अशा कोणत्याही पुलावर.

कॉर्व्हेटवाल्यांचं थोडं बरं असतं. १९६३ पासूनच्या स्टिंग रेची बॉडी फायबरग्लासची आणि खाली स्वतंत्र चासी. बॉडी उचलायची आणि खाली संपूर्ण नवी चासी, नव्या सस्पेन्शनसकट, सरकवायची. वर जनरल मोटर्सचं १९९७ चं एलएस जातीचं इंजिन : अॅल्युमिनियमचं, ५.७ लिटर, ३४५ हॉर्सपॉवर, आणि जुन्या पद्धतीने पुशरॉडचंच, म्हणून आटोपशीर. ते इतक्या सहज कुठेही मावतं की फोर्डवालेसुद्धा चोरून बसवतात. पण फायबरला गंज नाही म्हणून निर्धास्त राहू नये. फायबरच्या आत काचेभोवती आणि दारांभोवती पोलादी पिंजरा असतो, तो गुपचूप कुजतो, आणि बाहेरून रंग झकास असतो.

ही झाली परदेशची कथा. पुण्यात कुणी म्हणेल, की आमच्याकडे मस्टँग आहेत किती आणि कॉर्व्हेट कुठली! बरोबर आहे. जुन्या मोटारी बाहेरून आणण्याचे नियम वर्षानुवर्षं कडक होते, आणि अमेरिकी गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. फोर्डने भारतात अधिकृतपणे मस्टँग विकली ती २०१६ मध्ये, उजव्या स्टिअरिंगची, ६५ लाखांना. शेवरोलेचं पिवळं चिन्ह तर आपल्या तळेगावात २००८ पासून २०२० पर्यंत गाड्यांवर चढत होतं, पण ते स्पार्क आणि बीटवर. कॉर्व्हेट त्या गेटातून कधी बाहेर आली नाही.

तरीही हा विषय पुण्याला परका नाही, कारण आपल्याकडे एक जुनी अमेरिकी गाडी आहे जिची आतडी आपण पिढ्यान् पिढ्या बदलत आलो आहोत. जीप. तिला स्पोर्ट्स कार म्हणणं धाडसाचं आहे. पण दारं नाहीत, छप्पर नाही, माणसं दोन आणि हौस फार, या कसोटीवर ती बसते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिसच्या जीपला २.२ लिटरचं, साठ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि सहा व्होल्टची वीज. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने १९४७ पासून तिची जुळणी केली. गॅरेजमध्ये आजही लो बॉनेट आणि हाय बॉनेट असे दोन प्रकार बोलले जातात. लो बॉनेट देखणी, तिचा भाव जास्त. हाय बॉनेट जरा उंच कपाळाची. तिचं कपाळ उंच का? विलिसने इंजिनाला वरून व्हॉल्व्ह असलेलं नवं हेड दिलं, इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ साली कंपनीने बॉनेटच वर उचललं. म्हणजे जुन्या अंगात नवं इंजिन कोंबण्याचा हा खटाटोप खुद्द कारखान्यानेच केला होता, आणि त्याची खूण गाडीच्या तोंडावर ठेवली. महिंद्रांनी तेच तोंड भारतात दशकानुदशकं चालवलं आणि पुढे त्याखाली प्यूजोचं डिझेलही बसवलं.

मग गॅरेजवाल्यांनी तरी का थांबावं? लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या, शेतावर राबून थकलेल्या जीपगाड्यांत डिझेल इंजिनं गेली, अलीकडे बोलेरोची डीआय इंजिनं जातात, बोलेरोचं पॉवर स्टिअरिंग जातं. गाडी सुरू होते, हार घालतात, पेढे वाटतात. आणि तिथून पुढे तीच कहाणी, जी डेट्रॉइटच्या गाडीची. डिझेल जड, म्हणून पुढचे पाटे बसतात. डिझेलला जोर जास्त पण फेरे कमी, म्हणून जुन्या डिफरन्शियलला गाडी साठच्या पुढे केकाटते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस खडखडू लागतात. आणि ब्रेक राहतात १९४० च्या दशकातले, नऊ इंची ड्रम. सिंहगडाच्या घाटातून उतरताना ड्रम तापतो, तापला की फुगतो, शूजपासून लांब जातो, आणि पेडल हळूहळू पायाखालून खाली जायला लागतं. वरंध्यात पावसात याच्या उलट : ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पहिल्या दोन दाबांना काहीच लागत नाही. जास्त जोराच्या इंजिनाला जुनेच ब्रेक, ही आपल्याकडच्या जीपकामाची खरी दुखरी जागा आहे. मेकॅनिक हुशार नाहीत म्हणून नव्हे. गिऱ्हाईक ब्रेकसाठी पैसे काढत नाही म्हणून. इंजिनाचा आवाज मित्रांना ऐकवता येतो. ब्रेक ऐकवता येत नाहीत.

अमेरिकेतही हे शहाणपण फार जुनं नाही. एका नळीने चारही चाकांचा ब्रेक जाऊ नये म्हणून दुहेरी मास्टर सिलिंडर तिकडच्या गाड्यांत सर्रास आला तो १९६७ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या मस्टँगमध्ये एकेरीच. जुनी गाडी कितीही ओरिजिनल ठेवायची असली तरी हा एक बदल मी कुणाशी वाद न घालता करायला सांगतो.

हे काम नीट करायला जे लागतं ते पुण्याइतकं दुसऱ्या गावात क्वचित एकत्र सापडेल. खडकीला १९४६ पासून किर्लोस्करांची ऑइल इंजिनं, कोथरूडला १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्स, म्हणजे इंडियाना राज्यातल्या अमेरिकी कंपनीचं डिझेल. पिंपरीला टेल्को, आकुर्डीला बजाज टेम्पो, मुंढव्याला भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट. या कारखान्यांत आयुष्य काढलेले फिटर आणि टर्नर निवृत्त होऊन भोसरीत लेथ टाकून बसले, त्यांच्या हाताखाली दुसरी पिढी तयार झाली. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. बेलहाउसिंग आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवायची अॅडॉप्टर प्लेट क्रँकच्या मध्याशी तंतोतंत जुळली नाही, तर क्लचप्लेट खात राहते; ही प्लेट भोसरीत नीट होते, फक्त तुम्ही नीट ड्रॉइंग घेऊन जा. नाना पेठेत स्पेअर, मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. जुन्या बाजारात हवं ते कधीच मिळत नाही. नको ते मिळतं आणि नंतर तेच उपयोगी पडतं. आणि वेताळ टेकडीवर एआरएआय, १९६६ सालची संस्था, जिथे देशभरच्या गाड्यांचे ब्रेक, धूर आणि आवाज मोजले जातात. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना त्या कुंपणाच्या आत काय चालतं याचा पत्ता नसतो.

कारागीर आहेत, यंत्रं आहेत, मोजायची सोय आहे. अडतं ते संगम पुलाजवळ, आरटीओत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, आरसी बुकात निर्मात्याने दिलेला जो तपशील नोंदला आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. इंधन बदलण्यासाठी मान्यता मिळालेलं किट बसवण्याची वाट कायद्यात आहे, पण ती ठरावीक गाड्यांपुरती. दुसरीकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आली : नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, फी वीस हजार, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी, की गाडीची चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि ती रोजच्या वापराला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, इतकंच.

म्हणजे जुनी गाडी जशीच्या तशी ठेवली तर तिचा मान आहे, नवी घेतली तर प्रश्नच नाही, आणि मधली, जुन्या रूपाची पण नव्या ब्रेकची, तिला नाव नाही. मला हे चूक वाटतं. कुणीही कसंही इंजिन बसवून रस्त्यावर यावं असं मी म्हणत नाही. तसं झालं तर पहिला घाबरणारा मीच. पण एकेका गाडीची तपासणी करून, तिचे ब्रेक, धूर, दिवे, वेल्डिंग पाहून तिला परवानगी देण्याची पद्धत इतर देशांत आहे, आणि तपासायला लागणारी माणसं या शहरात टेकडीवर बसलेली आहेत. तोवर या पुस्तकाच्या वाचकाने काय करावं? आधी कागद पाहावेत, मग पाना उचलावा. कोणता बदल आरसीवर नोंदवावा लागतो, कोणता दुरुस्तीत मोडतो, आणि कोणत्या गाडीला फक्त खाजगी आवारात किंवा ट्रॅकवर फिरायचं भाग्य आहे, याचं प्रकरण म्हणूनच पहिलं ठेवलं आहे.

पुस्तकात खर्चाचे आकडे दिलेले नाहीत. ते छापून येईपर्यंत जुने होतात आणि घरात भांडणं लावतात.

गाडी कोणती निवडावी याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. जी गाडी आपल्या मूळ इंजिनासकट, मूळ नंबरासकट, पूर्ण शाबूत उभी आहे, तिला हात लावू नका. तिला व्हॉल्व्हच्या नव्या सीट आणि नव्या नळ्या घाला, आणि ओरिजिनलवाल्यांच्या स्वाधीन करा; या एका बाबतीत ते बरोबर आहेत. रिस्टोमॉडला घ्यावी ती इंजिन हरवलेली, पत्रा कुजलेली, सहा सिलिंडरची गरीब गाडी, जिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. जीपमध्येही तेच : सैन्याच्या पाट्या आणि मूळ इंजिन टिकून असलेली विलिस सोडा, तीन मालकांनी तीन तऱ्हेने कापलेली हाय बॉनेट घ्या. आणि जिथे बोल्टने काम भागतं तिथे वेल्डिंग करू नका, म्हणजे पुढच्या मालकाला तुमची चूक खोलता येईल.

मूळ इंजिन गाडीत असेल आणि काढायचंच असेल, तर ते भंगारात घालू नका. त्यातलं पाणी आणि ऑइल काढा, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, सगळी तोंडं बंद करा, लाकडी चौकटीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा क्रँक हाताने फिरवा. याची सविस्तर कृती शेवटच्या प्रकरणात आहे. ती मात्र इंजिन उतरवायच्या आधी वाचा, कारण पाणी काढायचं काम इंजिन जागेवर असतानाच उरकायचं असतं.